सासूबाईंना शेवटचं पाणी दिलं नाही, हे मनातून जात नाही

प्रश्न : मी ऐरोलीला राहते, शाळेत शिकवते. सासूबाईंना पित्ताशयाचा कर्करोग होता. उपचार थांबवल्यावर डॉक्टर म्हणाले, 'आता घरी न्या, सेवा करा.' पुढचे तीन आठवडे त्यांचं सगळं मीच केलं. त्या गेल्या त्या रात्री मिस्टर रबाळ्याला नाइट शिफ्टला होते, अकरा वर्षांचा मुलगा बाहेरच्या खोलीत झोपला होता. आईंच्या घशातून घरघर सुरू झाली. श्वास मध्येच थांबायचा, परत सुरू व्हायचा. पाय गार आणि जांभळे पडले होते, डोळे अर्धवट उघडे. मी हात धरून 'विठ्ठल विठ्ठल' म्हणत बसले. श्वास थांबला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा 'सुटल्या' असं आलं. तेवढ्यात त्यांनी आणखी दोनदा आ वासून श्वास घेतला. मी किंचाळले. मिस्टर पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

घरी येणाऱ्या सिस्टरने संध्याकाळीच बजावलं होतं, की आता त्या गुंगीत आहेत, तोंडाने काही देऊ नका. म्हणून पाणी दिलं नाही, नुसता ओला कापूस ओठांवरून फिरवत राहिले. दुपारी, जाग्या असताना, दुखण्यावरची मॉर्फिनची गोळी मात्र मीच दिली होती. दहाव्याला कावळा शिवेना. साताऱ्याहून आलेली नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, 'आईची पाण्याची वासना राहिली.' आता दीड महिना झाला. सकाळी नळाला पाणी यायच्या आधी पाइपातून घरघर येते, ती ऐकली की माझे हातपाय गार पडतात. रोज पहाटे तीन-साडेतीनला दचकून जाग येते. त्या खोलीत मी जात नाही. मिस्टरांना यातलं काही बोललेले नाही. मी आईंना तहानलेलं पाठवलं का? की त्या गोळीने त्या गेल्या?

— एक सून, ऐरोली

उत्तर :

ताई,

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देते. नाही, आणि नाही. तुम्ही त्यांना तहानलेलं पाठवलं नाहीत, आणि त्या गोळीने त्या गेल्या नाहीत. बाकीचं उत्तर सवडीने वाचा, दोन बैठकांत वाचलंत तरी चालेल. हे दोन 'नाही' मात्र आत्ताच घ्या. मी परिचारिका होते. आधी वॉर्डात आणि नंतर ठाण्यात घरोघरी जाऊन शेवटच्या आजारातल्या माणसांची शुश्रूषा केली. तेव्हा हे तुमची समजूत घालायला म्हणत नाही, जे ठाऊक आहे ते सांगते आहे.

पाण्याचं बघू. घोट घशाशी आला की श्वासनलिकेचं तोंड क्षणभर मिटावं लागतं, तेव्हा तो अन्ननलिकेत उतरतो. जागं माणूस हे दिवसातून शेकडो वेळा करतं आणि त्याला कळतही नाही. माणूस खोल गुंगीत गेलं की हे मिटणं वेळेवर होत नाही. चमचाभर पाणीही श्वासाच्या वाटेने आत जातं, आणि ते बाहेर काढायला ठसका लागतो, त्याचीही ताकद उरलेली नसते. त्या रात्री तुम्ही फुलपात्र तोंडाला लावलं असतंत तर ते पाणी पोटात गेलंच नसतं. घरघर वाढली असती, कदाचित त्या तुमच्यासमोर गुदमरल्या असत्या. मग आज तुम्ही मला वेगळं पत्र लिहिलं असतंत आणि ते वाचणं दोघींनाही जास्त जड गेलं असतं. सिस्टरने योग्य तेच सांगितलं होतं आणि तुम्ही ते पाळलंत.

मग तहानेचं काय? शेवटच्या दिवसांत शरीर अन्नपाणी मागायचं सोडून देतं. त्रास होतो तो मुख्यतः तोंड कोरडं पडण्याचा, कारण श्वास उघड्या तोंडाने चाललेला असतो. त्यावर ओठ, जीभ, हिरड्या ओल्या ठेवणं हाच उपाय आहे, आणि नव्या मुलींना आम्ही वॉर्डात हेच शिकवायचो. तुम्ही कापसाने तेच करत होतात. त्यांच्या शरीराला जेवढं आणि जसं पाणी घेता येत होतं, तेवढं आणि तसं त्यांना मिळालं. आपल्या घरांतली रीत आठवून बघा. जाणाऱ्याच्या ओठांवर गंगाजलाचे थेंब सोडतात, तोंडात तुळशीचं पान ठेवतात. तांब्याभर पाणी कुणी ओतत नाही. जुन्या बायकांनी अशी किती मरणं जवळून पाहिलेली होती, हे त्या रीतीतच दिसतं.

'निदान सलाइन तरी लावायचं' असं कुणी म्हणालं असेल, तर तेही मनातून काढून टाका. अमेरिकेत ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी शेवटच्या टप्प्यातल्या 129 कर्करोगी रुग्णांवर याचा अभ्यास केला होता, तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना रोज एक लिटर सलाइन, काहींना जेमतेम 100 मिलिलिटर. कुणाला काय मिळतंय हे रुग्णांना माहीत नव्हतं. थकवा, गुंगी, भ्रम यांत फरक पडला नाही, आयुष्यही वाढलं नाही.

आता गोळी. डॉक्टरांनी ठरवून दिलेली, रोज चालू असलेली मॉर्फिनची गोळी दुखणं शमवते, ठरलेल्या मात्रेत ती माणसाला मारत नाही. साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. तुम्ही ती दुपारी दिलीत आणि आई रात्र सरताना गेल्या. ज्याला रोज गोळी चालू आहे, त्याच्या बाबतीत एक गोळी शेवटची असणारच, आणि ती कुणीतरी दिलेली असणारच. ती देणारं माणूस नंतर तुमच्यासारखंच झुरतं, हे मी अनेक घरांत पाहिलंय. आणि बहुतेक वेळा ते घरातलं सगळ्यात जास्त राबलेलं माणूस असतं, कारण दूर उभ्या असलेल्याच्या हातात गोळ्यांची डबी कधी येतच नाही.

एक सांगू? मॉर्फिन मिळणं इतकं कठीण होतं, की वेदनेने गादी मुठीत धरून ओरडणारी माणसं मी पाहिली आहेत. परवान्यांच्या भानगडी नकोत म्हणून किती रुग्णालयं ते ठेवतच नसत. अमली पदार्थांच्या कायद्यात 2014 मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा वाट जरा मोकळी झाली. आईंच्या शेवटच्या दुपारी त्यांचं दुखणं आवरलेलं होतं, ते तुम्ही वेळेवर दिलेल्या गोळीमुळे.

यापुढचं लिहिताना मला राग येतो आहे, तो तुमच्यावर नाही. 'घरी न्या, सेवा करा' म्हणणाऱ्यांनी फाइल दिली, गोळ्यांचा कागद दिला. शेवटचे दोन दिवस दिसतात कसे, ऐकू येतात कसे, हे कुणी सांगितलं नाही. पूर्वी मरण घरातच व्हायचं आणि आळीत एखादी आजी असायचीच, जी पायांना हात लावून म्हणायची, 'वेळ भरत आली, घरच्यांना बोलवून घ्या.' आता मरण आयसीयूच्या दाराआड होतं आणि ऐरोलीतल्या सातव्या मजल्यावर अशी आजी राहिलेली नाही. देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची शुश्रूषा करणारं ठिकाण, शांती आवेदना सदन, आपल्या वांद्र्याला 1986 मध्ये सुरू झालं. म्हणजे हे ज्ञान मुंबईत कधीचं आहे. खाडी ओलांडून ते तुमच्या घरापर्यंत आलं नाही, आणि तुम्हाला एकटीला, काही न सांगता, मरणाच्या उशाशी बसवलं गेलं. तेव्हा जे आधी सांगायला हवं होतं ते उशिरा का होईना सांगते.

घरघर. घशात आणि श्वासाच्या वाटेवर थोडी लाळ, थोडा कफ नेहमीच तयार होत असतो. आपण तो गिळतो किंवा खाकरून काढतो. शेवटी हे दोन्ही थांबतं, ओल तिथेच साठते आणि हवा आत-बाहेर करताना तिचा आवाज होतो. ऐकणाऱ्याला वाटतं माणूस बुडतंय. पण तोवर ते माणूस इतक्या खोल गुंगीत असतं, की त्याचा त्रास त्याच्यापेक्षा उशाशी बसलेल्यांनाच होतो. घुसमटणारं माणूस कसं दिसतं हे तुम्हीही ओळखाल. ते धडपडतं, उठून बसायला बघतं, कपाळावर आठ्या पडतात. तुम्ही आईंबद्दल असं काहीच लिहिलेलं नाही. हात धरू दिला, असं लिहिलंय.

श्वास थांबून पुन्हा सुरू होणं. श्वास चालवणारं केंद्र मेंदूच्या अगदी तळाशी असतं आणि ते मंदावत जातं. रक्तात कार्बन डायऑक्साइड बराच साठल्यावर त्याला जाग येते, मग भराभर श्वास होतात, पुन्हा ते शांत होतं. डब्लिनमधल्या जॉन चेन आणि विल्यम स्टोक्स या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच हे टिपून ठेवलंय आणि अजून त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. पाय गार आणि जांभळे पडतात, कारण हृदयाचा जोर कमी झाला की रक्त हातापायांकडे पोहोचेनासं होतं. त्याने दुखत नाही. डोळे मिटायलाही स्नायू लागतात, ते सैल पडले की पापण्या अर्ध्यावर राहतात. त्या तुमच्याकडे रोखून बघत नव्हत्या.

आणि ते शेवटचे दोन आचके. मला वाटतं, तुम्हाला सगळ्यात जास्त तेच छळतायत. तुम्ही मनात 'सुटल्या' म्हणालात आणि जणू त्या परत आल्या. ताई, त्या परत आल्या नव्हत्या. हृदय थांबत असताना किंवा थांबल्यावरही मेंदूच्या तळाकडून असे एक-दोन ओढलेले श्वास सुटतात. जाणीव तोवर गेलेली असते. नवी नर्सही पहिल्यांदा ते बघून दचकते. तुम्ही तर घरात एकट्या होतात.

'सुटल्या' असं वाटल्याची लाज तुमच्या पत्रातून दिसते. प्रेत अजून घरात असतानाच शेजारीपाजारी म्हणतात, 'सुटले बिचारे, फार भोगलं.' कुणी त्यांना नावं ठेवत नाही. मग तीन आठवडे ज्यांचं हगणं-मुतणं काढलंत, कुशी बदललीत, रात्री जागलात, त्यांच्याबद्दल तुम्हाला तसं वाटलं तर काय बिघडलं? आणि त्यात थोडं 'मीही सुटले' असेल, तर असू दे. थकलेल्या शरीराला सुटका कळते. त्याने माया कमी होत नाही.

तुम्ही 'विठ्ठल विठ्ठल' म्हणत होतात. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या संशोधकांनी 2020 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. हॉस्पिसमधले जे रुग्ण काहीच प्रतिसाद देत नव्हते, शेवटच्या काही तासांत होते, त्यांच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजल्या. आवाजात बदल केला की काही जणांचा मेंदू धडधाकट माणसाच्या मेंदूसारखीच दखल घेत होता. अर्थ कळत होता की नाही, आवाज ओळखीचा वाटत होता की नाही, हे त्यातून सांगता येत नाही. पण तुमचा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचत असण्याची शक्यता खरी आहे.

आता कावळा. काकस्पर्शावर तुमची श्रद्धा आहे की नाही, मला माहीत नाही. असेल तर मी ती मोडायला निघालेली नाही. पण शास्त्र मानायचं तर पुरतं मानावं. कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववायचा, ही सोय त्याच विधीत सांगितलेली आहे. म्हणजे रीत घालून देणाऱ्यांनाही ठाऊक होतं, की कावळा कधी येतो, कधी येत नाही. खाडीकाठच्या घाटावर एका सकाळी कितीतरी घरांचे पिंड मांडलेले असतात, भोवती माणसांचा घोळका, कावळ्यांची पोटं आधीच भरलेली. त्यावरून सुनेवर ठपका ठेवा, असं कुठल्याही पोथीत नाही. चारचौघांत, घाटावर, ज्या बाईने सेवा केली तिलाच बोट दाखवणं हा अन्याय होता. मी तो अन्यायच म्हणणार.

तरीही नणंदबाईंचा विचार करा असं सुचवते, आणि ते त्यांच्यापेक्षा तुमच्यासाठी. त्या तिथे नव्हत्या. जे शेवटी हजर नसतात त्यांच्या मनात एक न पाहिलेलं मरण तयार होतं आणि ते खऱ्यापेक्षा भयंकर असतं. त्यांच्या डोळ्यांसमोर कदाचित आई 'पाणी, पाणी' करतेय. ते चित्र पुसणारी एकच व्यक्ती आहे, तुम्ही. झेपेल तेव्हा, आजच नव्हे, फोन करा. 'ताई, दहाव्याला तुम्ही जे बोललात ते मला लागलंय. पण भांडायला फोन नाही केला. त्या रात्री काय काय झालं ते तुम्हाला सांगू का?' एवढंच म्हणा. त्यांनी 'सांग' म्हटलं तर सिस्टरचं, कापसाचं, विठ्ठलाचं सगळं सांगा. त्या पुन्हा तेच म्हणू लागल्या तर 'बरं, मग बोलू' म्हणून फोन ठेवा. त्यांना पटवून देण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही.

आता नळाकडे येऊ. भीतीच्या क्षणी मेंदू आवाज, वास, उजेड फार ठळक टिपून ठेवतो, पण 'हे अमुक दिवशी, अमुक ठिकाणी घडलं आणि संपलं' ही नोंद नीट करत नाही. म्हणून त्या रात्रीचा आवाज तुमच्या मनात 'झालं' म्हणून नाही, 'होतंय' म्हणून बसलाय. पाइपात हवा घरघरली की विचार करायच्या आत शरीर उशाशी जाऊन बसतं. हे वेड नाही. मरण जवळून पाहिलेल्या कितीतरी माणसांचं पहिले काही आठवडे असं होतं आणि बहुतेकांचं हळूहळू आपोआप ओसरतं. महिना उलटून गेला तरी दृश्यं आणि आवाज तितक्याच जोराने येत असतील, माणूस एखादी जागा टाळायला लागलं असेल, झोप मोडत असेल, तर मात्र जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावं. तुमचा दीड महिना झालाय आणि या तिन्ही गोष्टी तुमच्या पत्रात आहेत. पत्रावरून मी आजाराचं नाव ठेवणार नाही, पण जायला हवं, एवढं नक्की म्हणेन.

आणखी एक. ते तेरा दिवस भेटायला येणारा प्रत्येक जण तुम्हाला विचारत असणार, 'कसं झालं हो?' आणि तुम्ही चहा देता देता तीच रात्र पुन्हा पुन्हा सांगितली असणार. लोक मायेने विचारतात, पण अशा घटनेनंतर माणसाकडून सगळं एका बैठकीत वदवून घेण्याने पुढचा त्रास टळत नाही. कधी तो वाढतोही. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने 2005 पासूनच तसं सरसकट करू नये असं सांगितलंय. तेव्हा इथून पुढे कुणी विचारलं तर 'शांतपणे गेल्या, मी जवळ होते' एवढं पुरे. सविस्तर सांगायचं ते तुम्हाला हव्या त्या माणसाला, तुम्हाला वाटेल तेव्हा.

ते माणूस मिस्टर असू शकतात. ते पंधरा-वीस मिनिटांवर होते आणि आईच्या शेवटी पोहोचले नाहीत. त्यांचीही एक जखम आहे, आणि कदाचित ऐकायची भीती वाटते म्हणून ते विचारत नसतील. सगळं एकदम ओतू नका. 'त्या रात्रीचं थोडं तुम्हाला सांगायचंय, आज चालेल का?' असं विचारा. 'आज नको' म्हणाले तर दिवस ठरवून घ्या. हे उत्तरही त्यांना वाचायला दिलंत तरी हरकत नाही.

मुलाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. बाहेरच्या खोलीत तो झोपला होता, असं तुम्ही म्हणता. पण आईच्या किंकाळीने अकरा वर्षांचं मूल जागं होत नाही, हे मला जरा अवघड वाटतं. त्याला उलटतपासणीसारखं नको, भाजी निवडताना किंवा दप्तर भरताना सहज विचारा, 'आजी गेली त्या रात्री तुला काही ऐकू आलं होतं का? काय वाटलं?' मग तो सांगेल तेवढ्यालाच सरळ उत्तर द्या. आजीचा आजार फार वाढला होता, तिचं शरीर थांबलं, आवाज घशातल्या ओलीचा होता, तिला दुखत नव्हतं, आई घाबरली म्हणून ओरडली. 'आजी झोपेत गेली' असं म्हणू नका, मुलं मग झोपायलाच घाबरतात. 'देवाघरी गेली' म्हणायचं तर म्हणा, पण त्याआधी 'मरण पावली' हेही म्हणा.

पहाटे जाग आली की अंथरुणात झोपेशी झगडत पडू नका. उठा, मंद दिवा लावा, दुसऱ्या जागी बसा, मोबाइल घेऊ नका. हातांना काम द्या, मेथी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला. डोळे जड झाले की परत आडव्या व्हा. नळासाठी एक करून बघा. पाणी कधी येतं हे तुम्हाला ठाऊक असतंच. त्याच्या जरा आधी स्वयंपाकघरात दिवा लावून, हात नळाखाली धरून उभ्या राहा. घरघर आली की मोठ्याने म्हणा, 'हा नळ आहे. आज अमुक वार आहे. मी ओट्यापाशी उभी आहे.' पाणी हातावर येईपर्यंत थांबा. छाती फारच धडधडली तर बाजूला व्हा, दुसऱ्या दिवशी बघू. त्या खोलीतही आधी दिवसाउजेडी, खिडकी उघडून, मिस्टरांना सोबत घेऊन जा. एकदम रात्री आणि एकटीने नको.

मेडिकलवाल्याकडून परस्पर झोपेची गोळी घेऊ नका. अशा गोळ्यांची सवय लागते आणि भयाची आठवण त्यांनी सुटत नाही. आणि आईंच्या उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या घरात असतील तर मोजून, पाकिटात घालून, मिस्टरांच्या हाती जिथून आणल्या तिथे परत पाठवा. कचऱ्यात टाकू नका, कपाटात 'असू दे' म्हणून ठेवू नका. घरात मूल आहे, आणि तुम्ही झोपेविना आहात. पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, तरी विचारतेच. 'आपणही नको जगायला' असं कधी मनात येतं का? येत असेल, आजच्या पहाटेही आलं, तर 14416 फिरवा. सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, रात्रंदिवस चालते, मराठीत बोलता येतं. असं काही मनात येत नसलं तरीही, नुसतं 'झोप लागत नाही' म्हणूनही तिथे फोन करता येतो.

तपासून घ्यायला फार लांब जावं लागणार नाही. ऐरोलीहून ठाणं जवळच. तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 पासून आहे. नावाला बिचकू नका, बाह्यरुग्ण विभागात तुमच्यासारखीच नोकरी-संसार करणारी माणसं येतात. डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्थाही ठाण्यातच आहे, तिथे समुपदेशक आहेत. जिथे जाल तिथे विचारा, की आघाताच्या आठवणींवर काम करणारे कुणी आहेत का. आघातावर बेतलेली वर्तनोपचार पद्धत, आणि आठवण मनात धरून डोळ्यांच्या हालचाली करवून घेणारी ईएमडीआर पद्धत, या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये केलेली आहे. यात गोळ्या लागतीलच असं नाही, आणि आयुष्यभर जात राहावं लागत नाही.

या आठवड्यातच अपॉइंटमेंट घ्या, शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाका. समोर बसल्यावर सुरुवात कुठून करायची हे सुचणार नाही, रडू येईल. तर हे पत्र सोबत न्या आणि पुढे सरकवा. किंवा एवढंच म्हणा : 'माझ्या सासूबाई माझ्या हातात हात असताना गेल्या, आणि सकाळी नळाला पाणी येताना मला त्यांचा श्वास ऐकू येतो.' पुढचं विचारणं त्यांचं काम आहे.